घर घेण्यापूर्वी इमारतीची तांत्रिक तपासणी : काय पाहावे, कोणाकडून पाहून घ्यावे

घर पाहण्यासाठी माणसे बहुधा पावसाळा ओसरल्यावर बाहेर पडतात. दिवाळीनंतर हवा कोरडी झालेली असते, विकणाऱ्याने भिंतींना नवा रंग दिलेला असतो, खिडकीतून माडांच्या शेंड्यांपलीकडे आकाश दिसत असते. घर मनात भरते, किमतीची घासाघीस होते आणि विसार दिला जातो. पुढच्या जूनमध्ये पहिल्या मोठ्या सरीनंतर छतावर पिवळसर वर्तुळ उमटते. ऑगस्टपर्यंत रंगाचे पोपडे सुटतात आणि न्हाणीघराच्या छतातून गंजलेली सळई डोकावू लागते. तोवर खरेदीखताची नोंदणी झालेली असते आणि कर्जाचे हप्तेही सुरू झालेले असतात.

घर घेताना आपण मालकी हक्क तपासण्यासाठी वकिलाकडे जातो. कर्ज घ्यायचे असेल तर बँक आपला मूल्यनिर्धारक पाठवते. या दोघांच्या कामाबद्दल कोणी शंका घेत नाही. परंतु ज्या वास्तूत राहायचे तिचे खांब, तुळया, छत, पाया आणि नळ यांची अवस्था कशी आहे, हे पाहण्यासाठी तज्ज्ञ माणूस नेण्याची पद्धत आपल्याकडे अजून रुजलेली नाही. वकील कागद पाहतो, इमारत पाहत नाही. बँकेचा मूल्यनिर्धारक बँकेसाठी काम करतो. कर्ज थकले तर मालमत्तेतून किती रक्कम वसूल होईल, एवढाच त्याच्या अहवालाचा मुख्य रोख असतो. बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे इमारत भक्कम आहे, हा समज म्हणून चुकीचा ठरतो.

कायदा कोठवर साथ देतो?

नव्या प्रकल्पातील सदनिका थेट बिल्डरकडून घेतली असेल, तर स्थावर संपदा (नियमन आणि विकास) अधिनियम, २०१६ म्हणजेच ‘रेरा’ कायद्याचे संरक्षण मिळते. या कायद्याच्या कलम १४ (३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत रचनेतील दोष, कामाच्या दर्जातील उणीव किंवा सुविधांमधील त्रुटी निदर्शनास आणून दिल्यास बिल्डरने ती ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावयाची असते. त्याने तसे न केल्यास ग्राहक भरपाईस पात्र ठरतो. मात्र जमिनीचे क्षेत्र ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नसेल, किंवा सदनिकांची संख्या आठपेक्षा अधिक नसेल, तर प्रकल्पाच्या नोंदणीची सक्ती नाही. गावोगावी उभ्या राहणाऱ्या लहान इमारतींपैकी अनेक या मर्यादेत बसतात, हे ध्यानात ठेवावे.

पुनर्विक्रीत परिस्थिती निराळी असते. येथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मधील कलम ५५ महत्त्वाचे आहे. विकणाऱ्याला ठाऊक असलेला, घेणाऱ्याला ठाऊक नसलेला आणि घेणाऱ्याने साधारण काळजी घेऊनही त्याच्या लक्षात येऊ शकला नसता असा मोठा दोष विकणाऱ्याने उघड करावा, असे हे कलम सांगते. यातील ‘साधारण काळजी’ हे शब्द खरेदीदाराने नीट वाचावेत. जो दोष डोळ्यांनी दिसण्याजोगा होता, त्याबद्दल नंतर तक्रार करण्यास फारशी जागा उरत नाही. जो दडलेला होता, तो विकणाऱ्याला ठाऊक होता हे सिद्ध करावे लागते आणि ते न्यायालयात वर्षानुवर्षे चालू शकते. म्हणून जुने घर किंवा वापरातील सदनिका घेणाऱ्यासाठी खरेदीपूर्व तपासणी हेच सर्वांत खात्रीचे संरक्षण होय.

गोव्याच्या हवेत इमारत कशी झिजते?

गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. त्यात किनाऱ्याकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याची भर पडते. काँक्रीटच्या इमारतीला हे दोन्ही घटक आतून पोखरतात.

चांगल्या काँक्रीटमधील अल्कधर्मी वातावरणामुळे आतील पोलादी सळईवर एक पातळ संरक्षक थर तयार होतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरला की ही अल्कता घटते. मिठातील क्लोराइड आत पोचले तर अल्कता शाबूत असतानाही तो थर फुटतो. मग सळई गंजू लागते. गंज मूळ पोलादापेक्षा कितीतरी पट अधिक जागा व्यापतो. आतून येणाऱ्या त्या दाबाने काँक्रीटला सळईच्या दिशेने तडा जातो आणि शेवटी त्याचे ढलपे निखळून पडतात. क्लोराइड नेहमी बाहेरूनच येतो असेही नाही. भरती-ओहोटीच्या खाऱ्या पाण्यातून काढलेली रेती न धुता वापरली असेल, तर ते बीज बांधकामाच्या दिवशीच पेरले जाते.

यासाठी ‘आयएस ४५६ : २०००’ या भारतीय मानकाने हवामानाच्या तीव्रतेनुसार नियम घालून दिले आहेत. किनारी वातावरणास उघड्या असलेल्या बांधकामाला ‘तीव्र’ वर्गात धरून सळईयुक्त काँक्रीट किमान एम-३० प्रतीचे असावे आणि सळईवर ४५ मिलिमीटरचे आवरण असावे, असे हे मानक सांगते. सौम्य हवामानासाठी हेच आवरण २० मिलिमीटर पुरते. अनेक जुन्या इमारतींत छज्जे, सज्जे आणि न्हाणीघरांची छते प्रथम का झडतात, याचे उत्तर बऱ्याचदा या हुकलेल्या आवरणात सापडते.

तपासणी कोणाकडून करावी?

हे काम संरचना अभियंत्याचे, म्हणजे आपण ज्याला स्ट्रक्चरल इंजिनियर म्हणतो त्याचे आहे. वास्तुविशारद घराची मांडणी उत्तम जाणतो आणि कंत्राटदार दुरुस्तीचा खर्च जाणतो. परंतु खांब भार पेलण्यास समर्थ आहे की नाही, हे सांगण्याचा अधिकार संरचना अभियंत्याचाच. त्याची पदवी, नोंदणी आणि जुन्या इमारतींच्या परीक्षणाचा अनुभव विचारून घ्यावा. नवीन इमारतींचे आराखडे करणे आणि जुन्या इमारतीतील दुखणे ओळखणे, या दोन वेगळ्या विद्या आहेत.

दलालाने किंवा विकणाऱ्याने सुचविलेला अभियंता शक्यतो टाळावा. तपासणीचे शुल्क आपण द्यावे आणि अहवाल आपल्याच नावे घ्यावा. जो तपासतो त्यालाच पुढे दुरुस्तीचे काम मिळणार असेल, तर दोष फुगवून सांगितले जाण्याची शक्यता राहते. म्हणून ही दोन्ही कामे वेगवेगळ्या माणसांकडे असावीत. कोणते भाग पाहणार, कोणत्या चाचण्या करणार, अहवाल किती दिवसांत देणार आणि त्यात दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज असेल की नाही, हे आधी लेखी ठरवून घ्यावे.

पहिली नजर स्वतःची

अभियंत्याला नेण्यापूर्वी एक फेरी स्वतः मारावी. त्यासाठी टॉर्च, मोजपट्टी आणि दोन तासांचा निवांतपणा पुरेसा आहे. सदनिकेच्या आतील भाग विक्रीसाठी सजवलेला असतो. इमारतीची खरी प्रकृती सामाईक भागांत दिसते.

वाहनतळाच्या छताकडे पाहावे. तेथे रंगरंगोटी क्वचित होते, त्यामुळे तुळयांच्या खालच्या अंगाला सळईच्या रेषेत गेलेले तडे आणि गंजाचे तांबूस डाग लपत नाहीत. जिन्यातील टप्पे, गच्चीवरील पाण्याच्या टाकीची खालची बाजू आणि न्हाणीघरांचे नळ जेथून उतरतात तो मागचा डक्ट, ही तीन ठिकाणे चुकवू नयेत. गच्चीवर पत्र्याचे छप्पर असेल तर ते ऊन टाळण्यासाठी आहे की खालचा गळका स्लॅब झाकण्यासाठी, हे शेवटच्या मजल्यावरील रहिवाशाला विचारावे. त्या छपराला परवानगी होती काय, हाही प्रश्न त्याबरोबरच विचारावा.

घरात गेल्यावर नव्या रंगाला भुलू नये. एकाच खोलीचा, किंबहुना एकाच भिंतीचा रंग ताजा असेल, तर त्यामागे काय झाकले आहे ते विचारावे. फॉल्स सीलिंग असल्यास त्याचा एखादा भाग उघडून वरचा स्लॅब पाहण्याची परवानगी मागावी. भिंतीच्या खालच्या भागात लोणा, म्हणजे पांढरे क्षार फुटलेले दिसले, तर ओल जमिनीतून चढते आहे असे समजावे. सर्व नळ एकाच वेळी सोडून पाण्याचा दाब आणि निचरा पाहावा. दारे-खिडक्या उघडून-मिटून पाहाव्यात. एकाच बाजूची अनेक दारे अडकत असतील तर इमारत त्या बाजूने खचली असण्याची शक्यता असते.

तडा दिसला की घाबरून जाण्याचेही कारण नाही. गिलाव्यावरील केसासारख्या बारीक, जाळीदार रेषा बहुधा निरुपद्रवी असतात. खांब आणि चिऱ्याची भिंत जेथे मिळतात तेथील उभी रेघ दोन भिन्न पदार्थांच्या आकुंचन-प्रसरणामुळे येते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकस चढत गेलेला रुंद तडा, तुळईच्या लांबीच्या दिशेने गेलेला तडा आणि खांबावरील कोणताही तडा मात्र अभियंत्याला दाखवावाच. तडा जुना व स्थिर आहे की अजून वाढतो आहे, हे ओळखण्यासाठी त्यावर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवण्याची जुनी युक्ती आहे. हालचाल चालू असेल तर काच तडकते.

शक्य असल्यास तेच घर पावसाळ्यात पुन्हा पाहावे. जुलैमधील अर्ध्या तासाची भेट जानेवारीतील चार भेटींपेक्षा अधिक सांगून जाते.

अभियंत्याच्या चाचण्या

बहुतेक घरांसाठी अनुभवी अभियंत्याची बारकाईची पाहणी पुरते. शंका आली तरच पुढील चाचण्या सुचविल्या जातात. अहवाल वाचताना त्यांचा अर्थ ठाऊक असावा, म्हणून त्यांची थोडक्यात ओळख.

रिबाउंड हॅमर : काँक्रीटच्या पृष्ठभागावर ठराविक जोराने दट्ट्या आपटून तो किती उसळतो हे मोजतात. त्यावरून वरच्या थराच्या कठीणपणाचा अंदाज येतो. खोलवरचे काँक्रीट कसे आहे, हे यातून कळत नाही.

अल्ट्रासोनिक पल्स व्हेलॉसिटी : काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडून त्यांचा वेग मोजतात. आतील काँक्रीट भरीव असेल तर लहरी वेगाने जातात. पोकळी किंवा तडा असेल तर मंदावतात. वेग सेकंदाला तीन किलोमीटरपेक्षा कमी भरल्यास त्या भागाच्या दर्जाबद्दल शंका घेतली जाते.

हाफ-सेल पोटेन्शियल : सळई गंजत असण्याची शक्यता विद्युतदाबावरून अजमावतात. कॉपर-कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडच्या तुलनेत वाचन उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेले, तर तेथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक मानतात.

कार्बोनेशन चाचणी : नुकत्याच फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फथॅलिनचे द्रावण शिंपडतात. अल्कता शिल्लक असलेला भाग गुलाबी होतो, ती गमावलेला भाग रंगहीन राहतो. रंगहीन पट्टा सळईपर्यंत पोचला असेल तर तिचे कवच गेले असे समजावे.

क्लोराइड चाचणी : काँक्रीटची भुकटी काढून प्रयोगशाळेत क्षाराचे प्रमाण मोजतात. सळईयुक्त काँक्रीट घालताना त्यात घनमीटरला ०.६ किलोपेक्षा अधिक क्लोराइड नसावे, अशी आयएस ४५६ ची मर्यादा आहे.

सामाईक खांबांवर चाचणी करायची असल्यास सोसायटीची संमती लागते. ती मागताना पूर्वी स्ट्रक्चरल ऑडिट झाले होते काय, त्याचा अहवाल कोठे आहे आणि मोठ्या दुरुस्तीसाठी सभासदांकडून वर्गणी काढण्याचे ठरले आहे काय, हेही विचारून घ्यावे. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतींचे पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरील इमारतींचे तीन वर्षांतून एकदा असे परीक्षण सांगितले आहे. गोव्यातील खरेदीदारानेही आपल्यापुरता हाच दंडक मानण्यास हरकत नाही.

जुने कौलारू घर घेताना

जुन्या चिरेबंदी घराचा मोह अनेकांना पडतो. या घरांची दुखणी काँक्रीटच्या इमारतींपेक्षा वेगळी असतात आणि ती जाणणारा अभियंताच येथे न्यावा. प्रथम लांब उभे राहून छपराची आढ्याची रेषा पाहावी. ती मध्येच वाकली असेल तर खालचे लाकूड थकले आहे. वासे, पाटे आणि भिंतीत रुतलेली तुळयांची टोके हातोडीने हलके ठोकून पाहतात. पोकळ आवाज आला तर वाळवीने आतून घर केले आहे. भिंतीवरील मातीच्या बारीक नळ्या हीही तिचीच खूण.

जांभा दगड सच्छिद्र असतो. गिलावा गेलेल्या भिंतीवर वर्षानुवर्षे पागोळ्या पडल्या की दगड झिजतो आणि मातीत बांधलेली भिंत असेल तर सांधेही रिकामे होतात. जुन्या भिंतीला अलीकडे जोडलेले काँक्रीटचे न्हाणीघर विशेष लक्ष देऊन पाहावे. दोन्हींचे पाये वेगळे असतात, ते सारखे खचत नाहीत आणि सांध्यातून पाणी शिरते. जुन्या चिऱ्याच्या भिंतीवर नवा स्लॅब चढवलेला असेल, तर तो भार त्या भिंतीला झेपतो का, हा प्रश्न अभियंत्याला स्पष्ट विचारावा. जुन्या वायरिंगचे अर्थिंग तपासून घ्यावे आणि विजेचा झटका लागताच प्रवाह तोडणारी आरसीसीबी बसवली आहे की नाही हे पाहावे.

जमीनही तपासणीचाच भाग आहे. भराव घातलेल्या खाजन जमिनीवर बांधकाम असेल तर ते खचण्याची भीती असते. डोंगर कापून केलेल्या सपाटीवर घर असेल तर मागील संरक्षक भिंतीला पाण्याच्या निचऱ्याची भोके आहेत का आणि ती वाहती आहेत का, हे पाहावे. अशा कापणीसाठी नगर आणि ग्रामनियोजन कायद्याच्या कलम १७ अ खाली परवानगी लागते. ती घेतली होती काय, हे विचारणे खरेदीदाराच्या हिताचे आहे. मैलाटाकी आणि शोषखड्डा विहिरीच्या किती जवळ आहेत, हेही मोजून घ्यावे.

नकाशा आणि इमारत यांचा मेळ

अभियंत्याला मंजूर नकाशाची प्रत द्यावी आणि प्रत्यक्ष मोजमाप करून घ्यावे. बंद केलेला सज्जा, नकाशात नसलेली खोली, वाहनतळात उभे केलेले दुकान असे फेरफार यातून उघड होतात. पूर्वीच्या मालकाने मोठी खोली करण्यासाठी एखादी भिंत काढली असेल किंवा नळासाठी तुळई फोडली असेल, तर तेही याच वेळी कळते. भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला सर्रास ‘ऑक्युपन्सी’ म्हणतात, ते नेमक्या किती मजल्यांसाठी व सदनिकांसाठी दिले आहे, हे त्या मोजमापाशी ताडून पाहावे. जे बांधकाम नकाशात नाही, त्याची किंमत आपण मोजतो आणि ते पाडण्याची नोटीसही पुढे आपल्यालाच येते.

अहवाल हाती आल्यावर

चांगला अहवाल दोषांची तीन गटांत विभागणी करतो : ताबडतोब दुरुस्त करण्याजोगे, लक्ष ठेवण्याजोगे आणि केवळ दिसण्यापुरते. प्रत्येक गटाचा अंदाजे खर्च आणि छायाचित्रे सोबत असतात. ‘इमारत ठीक आहे’ एवढ्या एका ओळीचा दाखला कामाचा नाही.

त्यानंतर तीन वाटा असतात. दोष किरकोळ असतील तर घर निश्चिंतपणे घ्यावे. दुरुस्ती होण्यासारखी असेल तर तिचा खर्च किमतीतून वजा करून मागावा किंवा विकणाऱ्याने ती करून द्यावी असे ठरवावे. खांब, पाया किंवा मोठ्या प्रमाणातील गंज यांचा प्रश्न असेल आणि बाकीच्या सभासदांची दुरुस्तीची तयारी नसेल, तर घर कितीही आवडले असले तरी मागे फिरावे. सदनिकेचा मालक आपल्या घरातील फरशी बदलू शकतो. सगळ्या इमारतीचा खांब तो एकटा दुरुस्त करू शकत नाही.

हे सारे विसार देण्यापूर्वी व्हावे. तेवढा अवधी मिळत नसेल तर विक्रीच्या करारनाम्यात एक अट वकिलाकडून घालून घ्यावी : तांत्रिक तपासणीत रचनेचा गंभीर दोष आढळल्यास खरेदीदाराला करार रद्द करता येईल आणि दिलेली रक्कम ठरलेल्या मुदतीत परत मिळेल. ज्ञात दोषांची यादी विकणाऱ्याच्या सहीने करारनाम्यास जोडली, तर पुढे ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणण्यास दोघांनाही वाव राहत नाही. तपासणीलाच नकार देणाऱ्या विकणाऱ्याचा तो नकार हाही एक प्रकारचा अहवालच समजावा.

तपासणीला मर्यादाही आहेत. जमिनीखालचा पाया आणि गिलाव्याआडच्या सळया यांचा अभियंता अंदाज बांधतो. त्याच्या अहवालाला हमीपत्र मानू नये. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत तर सगळी भिस्त काम चालू असतानाच्या देखरेखीवर असते. ४ जानेवारी २०१४ रोजी काणकोणात बांधकाम चालू असलेली बहुमजली इमारत कोसळली आणि ३० हून अधिक माणसे दगावली. त्यांत बहुतांश कामगार होते. काँक्रीटमधील चूक कागदावर राहत नाही, ती माणसांच्या अंगावर येते, हे गोव्याने त्या दिवशी पाहिले. म्हणून नव्या प्रकल्पात सदनिका नोंदवतानाही संरचना अभियंता कोण, काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या चाचण्यांचे निकाल कोठे आहेत आणि मंजुरी किती मजल्यांची आहे, हे विचारण्यास संकोच करू नये.

घरासाठी बहुतेक कुटुंबे आपली आयुष्यभराची बचत लावतात आणि पुढील १५-२० वर्षांची कमाई कर्जापोटी बांधून टाकतात. आंबा घेताना आपण देठाकडचा भाग दाबून पाहतो, माडीवर चढताना पायरी चाचपतो. घराच्या बाबतीत तेवढीच सावधगिरी, फक्त जाणत्या माणसाच्या डोळ्यांनी, बाळगायची आहे. ती सही करण्याच्या आधी बाळगली तरच उपयोगाची.